चौदाव्या पानावरची ओळ

समजा, तुमच्यासमोर कागदांचे दोन गठ्ठे ठेवले आहेत. डावीकडे टॅब्लेटच्या जुन्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका, उजवीकडे परवाच जाहीर झालेल्या नव्या सॉफ्टवेअरची. दोन्ही एकोणीस पानांच्या, अक्षर मुंगीएवढं. मथळे तेच, सूचना त्याच, चित्रंही तीच. नवीन काय आलंय ते तुम्ही शोधायचं नाही, ते कंपनीने पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सांगून टाकलंय. जुन्यात होतं आणि नव्यात नाही, असं काय आहे, ते तुम्हाला शोधायचंय. चहा आधीच पिऊन घ्या. मध्ये उठलात तर पुन्हा पहिल्या पानापासून.

पाचव्या पानापर्यंत तुम्ही इमानदारीने वाचाल. नवव्यावर तुम्ही वाचत नसाल, नुसती पानं उलटत असाल. आणि चौदाव्यावर, जिथून एक ओळ गेलेली आहे, तिथून सरळ पुढे निघून जाल. त्यात तुमची चूक नाही. नसलेली गोष्ट डोळ्याला टोचत नाही.

पट्टीताईंना ती टोचली.

पट्टीताई हे काही त्यांचं खरं नाव नाही. एकोणिसाव्या वर्षी त्या छापखान्यात प्रूफं वाचायला लागल्या तेव्हा लाकडी फूटपट्टी घेऊन आल्या. ती ओळीखाली ठेवायची, ओळ संपली की खाली सरकवायची. चाळीस वर्षांत पट्ट्या चार झाल्या, नाव एकच राहिलं. त्यांनी टेलिफोनच्या याद्या वाचल्या, औषधांच्या डब्यांतल्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या वाचल्या, रेल्वेची वेळापत्रकं वाचली. एका वर्षी वेळापत्रकातून अख्खी गाडी गायब झाली होती. इंजिनासकट सोळा डबे कोणाच्या लक्षात आले नाहीत, ताईंच्या आले.

पुढे कॉम्प्युटर आले आणि प्रूफं वाचणारे एकेक करून घरी गेले. छापखान्याच्याच इमारतीत निघणाऱ्या साप्ताहिकात ताई तेवढ्या उरल्या. फोन आणि टॅब्लेटच्या बातम्यांचं सदर लिहिणारा मुलगा दुसरीकडे निघून गेला, तेव्हा संपादक त्यांना म्हणाले, "ताई, कंपन्यांकडून मजकूर येतो. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा आणि पानात टाका."

ताई तो मजकूर घेऊन गेल्या आणि अर्ध्या तासाने सात प्रश्न घेऊन परत आल्या. सातांपैकी एकाचंही उत्तर संपादकांना येईना.

"मग तुम्हीच लिहा," ते वैतागून म्हणाले.

ऑफिसातले तांत्रिक शिकलेले लोक हसले. प्रोसेसर म्हणजे काय हे जिला सांगता येत नाही, ती सॉफ्टवेअरवर लिहिणार. ताई म्हणाल्या, "मला गाडी चालवता येत नाही. पण वेळापत्रकात गाडी आहे की नाही ते कळतं."

त्यांची काम करायची पद्धत छापखान्यातलीच. प्रूफ दोघांनी वाचायचं असतं. एकाने एक प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने दुसऱ्या प्रतीवर पट्टी सरकवायची. छापखान्यात दुसरं माणूस उरलं नव्हतं, म्हणून ताईंनी घरातलं धरलं. ताईंची नणंद, म्हणजे वन्सं, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त होऊन त्यांच्याकडेच राहायच्या. वन्संचं वाचणं या कामाला अगदी फिट्ट होतं, कारण वाचलेलं त्यांना अजिबात कळत नसे. मजकूर कळायला लागला की माणूस मनानेच ओळी पुऱ्या करतो आणि चूक निसटते. वन्सं दगडासारख्या वाचायच्या, टिंबासकट आणि स्वल्पविरामासकट. महिनाभरात ती सवय इतकी अंगात मुरली की सकाळी हाक यायची, "वहिनी स्वल्पविराम चहा झाला का प्रश्नचिन्ह."

एकदाच गोची झाली, पण चांगलीच झाली. वन्सं नव्या फोनची पुस्तिका वाचत होत्या, ताईंची पट्टी जुनीवर होती. तेवढ्यात गॅसवर दूध उतू गेलं. वन्सं उठल्या, गॅस बंद केला, ओटा पुसला आणि परत येऊन बसल्या त्या एक ओळ खाली. त्या शनिवारी साप्ताहिकात छापून आलं की नव्या सॉफ्टवेअरमध्ये कुलूप न उघडता टॉर्च लावायची सोय काढून टाकली आहे. सोय जागच्या जागी होती. दिवसभर फोन वाजत राहिला. लोक एका हाताने टॉर्च लावत होते आणि दुसऱ्या हाताने साप्ताहिकाला फोन करत होते. पुढच्या अंकात चौकटीत दिलगिरी आली. त्यानंतर जिन्यात ताई दिसल्या की कोणी ना कोणी भर दुपारी टॉर्च लावून त्यांना वाट दाखवायचं. संपादकांनी तेव्हाच बजावलं, "कागदावरून काही छापायचं नाही. डोळ्यांनी झालेलं बघायचं, मग लिहायचं."

या गोष्टीला सहा महिने झाले आणि त्या बुधवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौदावं पान आलं.

वन्सं नवी प्रत वाचत होत्या. "नवे आवाज आता अधिक नैसर्गिक वाटतील पूर्णविराम वेग कमीजास्त करता येईल पूर्णविराम."

"थांबा. मधली एक ओळ राहिली तुमची."

"राहिली नाही. नाहीच आहे."

ताईंनी आधी शेगडीकडे पाहिलं.

"वहिनी, गॅसवर काही नाही," वन्सं म्हणाल्या. "सहा महिने तेच धरून बसलाय. हा घ्या कागद, स्वतः बघा."

ताईंच्या पट्टीखाली जुन्या प्रतीत ओळ होती: एकदा आवाज टॅब्लेटवर उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही टॅब्लेट लिहिलेलं बोलून दाखवेल. नव्या प्रतीत त्या जागी काहीच नव्हतं. वरची ओळ आणि खालची ओळ एकमेकींना चिकटून, जणू त्यांच्यामध्ये कधी कोणी नव्हतंच. त्यांनी प्रती बदलल्या. वन्सं जुनी वाचू लागल्या, ताईंनी नवीवर पट्टी धरली. ओळ नव्हती.

ताईंच्या डोळ्यांपुढे लगेच तळघर उभं राहिलं.

छापखान्याचं तळघर म्हणजे बाइंडिंगचं खातं. जाड भिंती, सरसाचा वास, मधोमध कागद कापायचं मशीन, ज्याचं पातं एका दणक्यात पाचशे कागद कापतं. फोनला तिथे रेंजची एक कांडीही येत नाही. त्या खात्याचे प्रमुख बाइंडरभाऊ, ताईंच्याच वयाचे, अंगाने आडवे, ओठांवर झुपकेदार मिशा. चार वर्षांपूर्वी आजारात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. परत कामावर आले तेव्हा व्यवस्थापकांनी अडवलं. कटिंग मशीनपाशी जो प्रमुख असेल त्याला ओरडून माणसं थांबवता आली पाहिजेत, असा नियमच होता आणि तो शहाणपणाचा होता. भाऊंनी मग टॅब्लेट आणला. मशीनशेजारी स्टँडवर लावला. पडद्यावर मोठी बटणं, प्रत्येकावर तयार वाक्य. सगळ्यात मोठं लाल बटण दाबलं की तळघरभर घुमायचं, "थांबा. हात बाहेर."

आवाज मात्र बाईचा होता, तोही अतिशय मर्यादशील. त्यांना तोच बरा वाटला होता. एवढ्या मिशांमागून शाळेतल्या बाईंसारखा आवाज आला की नवा माणूस बावचळायचा. भाऊ एका बोटाने टाइप करायचे, त्यामुळे त्यांचा टोमणा यायला मिनिटभर लागायचं. पण लोक थांबायचे. वाट पाहण्याजोगा असायचा तो.

नव्या सॉफ्टवेअरनंतर तो आवाज इंटरनेटवर गेला असेल, तर तळघरात भाऊ मुके होणार होते. आणि मुक्या माणसाला मशीनजवळ उभं राहायची परवानगी नव्हती. सोमवारपासून ते सॉफ्टवेअर सगळ्या टॅब्लेटांवर आपोआप चढणार होतं.

गुरुवारी सकाळी ताईंनी दोन्ही कागद संपादकांच्या टेबलावर ठेवले.

"पुन्हा टॉर्च?" संपादक म्हणाले.

"या वेळी दूध नव्हतं."

"ताई, सगळी वर्तमानपत्रं छापतायत की आवाज माणसासारखे झालेत. आपण एकटेच रडगाणं गायचं का?"

"माणसासारखे झालेत, खरंय. फक्त इंटरनेट गेलं की हा माणूस गप्प बसतो असं मला वाटतं."

"वाटतं." संपादकांनी कागद परत सरकवला. "ओळ गेली म्हणजे सोय गेली असं कुठे आहे? जागा वाचवायला काढली असेल. दाखवा मला, मग बोलू."

मुद्दा बिनतोड होता आणि ताईंना तो मान्य होता. त्या खाली स्वागतकक्षात गेल्या. तिथल्या बाईंना पडद्यावर जे चमकेल ते दाबायची सवय, त्यामुळे पाहुण्यांची नोंद घ्यायच्या टॅब्लेटवर नवं सॉफ्टवेअर केव्हाच आलेलं होतं. ताई तो टॅब्लेट घेऊन तळघरात उतरल्या, मागून संपादक. वाक्य टाइप केलं, बटण दाबलं. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. आवाज नाही.

"बघा," ताई म्हणाल्या.

संपादकांनी मान हलवली. "या टॅब्लेटवर आधी आवाज उतरवून घेतला होता कशावरून? स्वागतकक्षाला कशाला लागतो तो? मुळात नव्हताच, तर गेला कसा म्हणायचं?"

पुरावा असा हवा होता: एकच टॅब्लेट, आवाज उतरवलेला, आधी बोलणारा आणि नंतर न बोलणारा. तसा टॅब्लेट त्या इमारतीत एकच होता.

भाऊ मघापासून ऐकत होते. त्यांचं बोट पडद्यावर फिरू लागलं. सगळे थांबले.

"माझ्यावर करून बघा," बाईचा मर्यादशील आवाज म्हणाला.

"अजिबात नाही," ताई म्हणाल्या. "एकदा चढलं की जुनं परत घालता येत नाही. सोळावं पान. उलट तुमचं आपोआप चढणंच मी आत्ता बंद करून देते."

बोट पुन्हा फिरू लागलं. या वेळी जास्त वेळ लागला.

"माझं बंद कराल. बाकीच्यांचं कोण करणार? त्यांच्या ऑफिसात पट्टीताई नाही."

"भाऊ, माझं खरं निघालं तर तुमचं काम जाईल."

"आणि खोटं निघालं तर तुमचं. फिट्टंफाट."

मग त्यांनी संपादकांना जवळ बोलावलं आणि त्यांच्यादेखत लाल बटण दाबलं. "थांबा. हात बाहेर." तळघर घुमलं, मशीनवरच्या दोघांनी सवयीने हात मागे घेतले. भाऊंनी टॅब्लेट स्टँडवरून काढला, जिन्याच्या वरच्या वळणावर जिथे इंटरनेट येतं तिथे जाऊन पायरीवर बसले आणि नव्या सॉफ्टवेअरचं बटण दाबलं. पंचवीस मिनिटं ते तिथे बसून होते. ताई दोन पायऱ्या खाली उभ्या होत्या. आपण चुकीचे ठरलो तर बरं, असं चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं.

टॅब्लेट पुन्हा सुरू झाल्यावर सगळे खाली उतरले. भाऊंनी तो स्टँडवर बसवला, लाल बटण दाबलं. चक्र फिरू लागलं. संपादकांनी स्वतः दाबून पाहिलं. अर्ध्या मिनिटाने पडद्यावर अक्षरं आली: कनेक्शन तपासा.

भाऊंनी दोन्ही हात वर करून खांदे उडवले. तेवढंच बोलता येत होतं त्यांना.

"पहिलं पान," संपादक म्हणाले. "ताई, वर चला, लिहायला बसा."

व्यवस्थापकांनी त्याच दुपारी भाऊंना मशीनपासून दूर केलं. माणूस वाईट नव्हता, नियम नियम होता. आवाज येईपर्यंत वर बसायचं, पाकिटं चिकटवायची. तीस वर्षं ज्या माणसाने जाडजूड ग्रंथ बांधले तो खिडकीजवळ पाकिटं चिकटवत बसला, शेजारी एक वही आणि पेन्सिल. ताई जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. त्यांनी वहीत लिहून दाखवलं: चेहरा पाडू नका, डिंक सुकतो.

शनिवारी अंक निघाला. मथळा होता, हे बटण सध्या दाबू नका. खाली काय केलं ते क्रमाने: आधी काय दाबलं, कुठे उभं राहून दाबलं, काय ऐकू आलं, मग काय चढवलं, मग काय ऐकू आलं नाही. विशेषण एकही नाही. तीच हकिगत ताईंनी कंपनीच्या तक्रारीच्या पानावरही टाकली. पहिला फोन आला तो हसायलाच. टॉर्च तरी आहे ना, असं एकाने विचारलं. दुसरा फोन एका बाईंचा होता. त्यांचा भाऊ मालवाहू बोटीवर होता, बोलता येत नव्हतं, असाच टॅब्लेट वापरायचा, आणि समुद्रात कुठलं इंटरनेट. तिसरा एका शाळेतून. सोमवार संध्याकाळपर्यंत ताईंच्या वहीची चार पानं भरली. त्यातल्या बहुतेकांनी बटण दाबलेलं नव्हतं आणि आपोआप चढणंही बंद केलं होतं, कारण शनिवारी कोणीतरी त्यांना वाचून दाखवलं होतं.

मंगळवारी कंपनीचं उत्तर आलं. भाषा लोण्यासारखी मऊ होती आणि अर्थ असा, की इंटरनेटशिवाय ही सोय चालेल असं आम्ही कधीच म्हटलेलं नव्हतं.

ताई कंपनीच्या संकेतस्थळावर जुनी पुस्तिका उघडायला गेल्या. ती तिथे नव्हती. त्या जागी नवीच उघडत होती.

संपादकांचा चेहरा उतरला. "आता काय दाखवणार?"

ताई उठल्या आणि त्यांच्या लोखंडी कपाटापाशी गेल्या. ऑफिसात त्या कपाटाला रद्दीचं माहेर म्हणत. एवढे कागद कशाला छापून ठेवता, पडद्यावर वाचा की, असं गेली पाच वर्षं सगळे त्यांना ऐकवत होते. ताईंनी जुनी पुस्तिका काढली. एकोणीस पानं, प्रत्येकावर कोपऱ्यात छापल्याची तारीख आणि कंपनीच्या पानाचा पत्ता. चौदावं पान टेबलावर ठेवलं, ओळीखाली पट्टी ठेवली आणि फोटो काढला.

दुसऱ्या शनिवारी दोन्ही चौदावी पानं शेजारीशेजारी छापून आली. ज्याला अक्षरओळख आहे त्याला समजेल इतकं उघड होतं ते. दुपारपर्यंत तो फोटो मोठ्या वर्तमानपत्रांनी उचलला, आणि आवाज माणसासारखे झाले म्हणून आठवड्यापूर्वी ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच कंपनीला जाब विचारायला सुरुवात केली. एका मोठ्या दैनिकाच्या तंत्रज्ञान विभागातून फोन आला.

"तुम्हाला ही माहिती आतून कोणी दिली?"

"माझ्या नणंदेने."

"त्या कंपनीत आहेत?"

"नाही, स्वयंपाकघरात."

सोमवारी, म्हणजे भाऊ गप्प झाल्यापासून अकराव्या दिवशी सकाळी, ताईंच्या फोनवर सूचना आली: त्या टॅब्लेटसाठी छोटी सुधारणा उपलब्ध. त्या जिना चढून पाकिटांच्या टेबलापाशी गेल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. भाऊंनी डिंकाचा ब्रश खाली ठेवला.

या वेळी सात मिनिटं लागली. भाऊ जिन्याच्या त्याच पायरीवर बसले होते, पण आता त्यांच्या आजूबाजूला जागा उरली नव्हती. बाइंडिंगची माणसं, स्वागतकक्षातल्या बाई, संपादक, मागे हाताची घडी घालून व्यवस्थापक. आवाज पुन्हा उतरवून घेतला. सगळी वरात तळघरात गेली. भाऊंनी टॅब्लेट स्टँडवर लावला, कोपऱ्यातली इंटरनेटची खूण गेल्याची ताईंनी वाकून खात्री केली, आणि भाऊंनी लाल बटण दाबलं.

"थांबा. हात बाहेर."

चक्र फिरलंसुद्धा नाही. आवाज पूर्वीपेक्षा खणखणीत होता. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मशीनवरच्या एकाने डोळे पुसले आणि सरसाचा वास फार झालाय असं सांगितलं. भाऊंचं बोट पडद्यावर फिरू लागलं. टाळ्या थांबल्या. सगळे वाट पाहत उभे.

"कामाच्या वेळात एवढी माणसं इथे कोणी सोडली," बाईचा नैसर्गिक आवाज मर्यादेने म्हणाला.

व्यवस्थापक मोठ्याने हसले. "तुम्हीच प्रमुख, भाऊ. तुम्हीच हाकला."

भाऊंनी हाकललं. लाल बटण तीनदा दाबलं. जिना चढताना संपादक ताईंना म्हणाले, "सदराला पुढच्या आठवड्यापासून अर्धं पान."

"पाऊण," ताई म्हणाल्या. "वन्संचं नाव खाली घालायचंय."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कंपनीच्या पुस्तिकेची सुधारलेली प्रत आली. वन्संनी चौदावं पान वाचलं आणि ती ओळ पूर्णविरामासकट वाचली. ताईंची पट्टी पुढे सरकली. मग त्यांनी कंपनीचं आभाराचं पत्र उघडलं. आपल्यासारख्या जागरूक ग्राहकांमुळे वगैरे. सुधारणेबद्दल त्यात एवढंच होतं: किरकोळ दुरुस्त्या.

"किरकोळ," वन्सं म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांना वाचलेलं कळलं होतं.

ताईंनी उत्तर लिहायला घेतलं. आभार मानले नाहीत, तक्रारही केली नाही. छापखान्यात ओळ राहिली की ती कोणाच्या हातून राहिली हे तासाभरात कळायचं. तो माणूस समोर येऊन उभा राहायचा, त्याच्याशी बोलता यायचं. इथे समोर कोणीच नव्हतं. त्यांनी एकच प्रश्न लिहिला आणि पाठवला. त्याला आता दोन महिने झाले. दर आठवड्याला त्या आठवण करून देतात, दर आठवड्याला तुमचा संदेश मिळाला असं आपोआप उत्तर येतं.

ती ओळ ज्याने काढली, त्याला माहीत होतं का की तिच्या आधाराने कुठेतरी कोणी बोलत होतं?